खैराची मूठ

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने मी घरात नुसता फिरत होतो. चौतीस वर्षं, आधी ड्रॉइंग बोर्डावर आणि मग कॉम्प्युटरवर कालव्यांच्या रेघा मारल्या, आणि एकदम त्या हातांना काही काम उरलं नाही. सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर चक्कर, दुपारी गॅलरीत चक्कर, संध्याकाळी भाट्याच्या पुलावर चक्कर. वर्तमानपत्र घेऊन बसलो तर अर्ध्या बातमीतून उठायचो. नळ गळत नसताना घट्ट करून यायचो. बायको शाळेत शिक्षिका, तिची नोकरी अजून तीन वर्षं बाकी. एकदा वह्या तपासताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही घरात असलात की मला एसटी स्टँडवर बसल्यासारखं वाटतं. जरा एका जागी टेका की."

घरात आणखी एक माणूस होतं, माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय ब्याऐंशी. आई गेल्यावर मी त्यांना गावाहून रत्नागिरीला आणलं होतं. गाव लांज्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. दादांची सारी हयात सरकारी रोलर चालवण्यात गेली. उघड्यावर राहिलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक कसा मानवणार? दिवसभर आम्ही दोघं एकमेकांच्या वाटेत यायचो. त्यात त्यांची रोजची तक्रार दाढीची. मी आणलेल्या प्लॅस्टिकच्या रेझरनं त्यांची कातडी सोलवटायची. बॅटरीवरचं यंत्र आणलं तर ते हातात उलटसुलट करून म्हणाले, "ह्यानं बकरी भादरतात."

एका सकाळी गळ्यावर रक्ताचे तीन ठिपके घेऊन ते बाथरूममधून बाहेर आले.

"आपला वस्तरा कुठं हाय रे? माझ्या बापाचा?"

हा वस्तरा मला चांगला आठवत होता. आमची वाडी म्हणजे बौद्धवाडी. गावचा न्हावी आमच्या वाडीत येत नसे आणि आमची माणसं त्याच्यापुढे बसत नसत. बसू देत नसत, असं म्हणायला हवं. कुणी एकमेकांचे केस कात्रीनं कापायचे, कुणी दाढी तशीच वाढू द्यायचे. माझे आजोबा मुंबईला गोदीत होते. त्यांनी तिथल्या कुठल्याशा बाजारातून जुना वस्तरा घेतला, वापरायला शिकले, आणि गावी आले की दर रविवारी रातांब्याच्या झाडाखाली दगडावर बसून वाडीतल्या पुरुषांच्या दाढ्या करायला लागले. ते थकल्यावर ते काम दादांकडे आलं. पुढे दिवस बदलले, बाजारात सगळ्यांना सलून उघडी झाली, आणि वस्तरा पेटीत गेला.

मी गावच्या घरी जाऊन आलो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, रोलरच्या पान्यांच्या जुडग्याखाली, मळक्या फडक्यात तो सापडला. फडकं सोडलं तर मुठीचा भुगा हातात आला. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन लांबट पट्ट्या, त्यांच्या मधल्या फटीत पातं मिटतं. त्या काळ्या पट्ट्यांना कसल्याशा किड्यानं भोकं पाडली होती आणि एक मधोमध मोडली होती. पातं तांबूस आणि खरखरीत. आमच्या हवेत लोखंडाचं काय होतं ते मला ठाऊक होतं, तरी मी नखानं खरवडून पाहिलं.

रत्नागिरीला आणल्यावर दादांनी ते दोन बोटांत धरलं. "ह्याचं आता काय व्हायचंय. टाक."

मी टाकायला उठलो नाही आणि त्यांनीही ते हातातून सोडलं नाही. त्याच दुपारी मी कामाला लागलो.

पहिली चूक लगेच केली. पितळेची भांडी आमच्याकडे कोकमाच्या आगळानं लखलखीत होतात, म्हणून मी पातं वाडग्यात आगळ घेऊन बुडवून ठेवलं. दोन तासांनी काढलं तर ते काळंठिक्कर. दादा मागे येऊन उभे राहिले होते.

"कालवे काढलेस ना रे तू? पोलादाला आंबट चालत न्हाय, एवढं पण शिकवलं न्हाय तुला कुणी?"

मग रॉकेल मागून आणलं आणि पॉलिश पेपर. आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. पातं लाकडाच्या फळीवर टेकवायचं आणि पाठीकडून धारेकडे हलक्या हातानं घासायचं. धारेवरून बोट उलटं आलं की संपलं. पहिल्या दोन दिवसांत तीन बोटांना पट्ट्या लागल्या. मला एकदम चकचकीत करायची घाई. दर पाच मिनिटांनी उजेडात नेऊन बघायचो आणि तेवढ्यात काहीच बदललेलं नसायचं. नवव्या दिवशी मुठीजवळच्या भागावर इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. कारखान्याचं नाव गंजानं खाल्लं होतं. 'मेड इन' एवढं उरलं होतं. कुठं, ते नव्हतं.

नवी मूठ कशाची करायची हा पुढचा प्रश्न. जुनी कशाची होती तेच कळत नव्हतं. ओळखीच्या एका सुताराला तुकडा दाखवला. त्यानं सुई गॅसवर तापवली आणि तुकड्याला टेकवली. केस जळल्याचा वास आला.

"शिंग आहे साहेब. म्हशीचं. वस्तऱ्याला शिंगासारखी मूठ नाही. सावंतवाडीकडे अजून मिळेल, मागवू का?"

मी हो म्हणणार होतो, पण "विचारून सांगतो," म्हणालो. कुणाला विचारून, हे त्यानं विचारलं नाही.

घरी दादा ताटात तांदूळ निवडत बसले होते. मी सांगितलं, मूठ शिंगाची होती. त्यांचा हात तांदळात थांबला.

"धर्म घेतला त्या वर्षी बाबा मुंबईहून आले आणि वाडीची बैठक बसवलीन," ते म्हणाले. बाबा म्हणजे माझे आजोबा. "गावातलं मेलेलं ढोर ओढायचं काम आपल्याकडं व्हतं. बाबांनी सांगितलंन, आजपासून बंद. ओढणार न्हाय, कातडं सोडवणार न्हाय, शिंगाला हात लावणार न्हाय. सगळ्यांनी हात वर केले. मी पंधरा वर्षांचा. मीपण केला."

"आणि हा वस्तरा तेव्हा त्यांच्याकडे होता?"

"व्हता की. सदऱ्याच्या खिशात असायचा." मग ते अचानक हसले. "त्यांना कुठलं ठाऊक असायला. काळं, गुळगुळीत. विलायती काय तरी वाटलं असंल." हसणं ओसरल्यावर खाली बघून म्हणाले, "तू शिंग नको आणूस."

मग लाकूड. सागाचा पातळ तुकडा वाकत होता, फणसाचा मऊ पडत होता. गावच्या घराच्या पडवीत आईचं मुसळ पडलेलं होतं, टोकाला चिरलेलं. खैराचं. आता त्यानं कुणी काही कांडणार नव्हतं. ते गाडीत घालून आणलं आणि सुताराकडून त्याच्या पातळ फळ्या काढून घेतल्या. आतून लाकूड गडद लाल निघालं, काताच्या वडीसारखं.

पहिली जोडी मी आठवडाभर कानसून आकाराला आणली आणि खिळ्यासाठी भोक पाडताना ती उभी चिरली. ड्रिलचा आवाज थांबला तसे दादा आले, दोन तुकडे बघितले.

"मुसळ केरात!" ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

दुसरी जोडी चिरली नाही, पण मिटताना पातं एका बाजूला घासायचं. तेव्हा मला शहाणपण सुचलं. कागद घेतला आणि वस्तऱ्याचं चक्क आरेखन केलं, समोरून, बाजूनं, मापांसकट. पट्ट्यांच्या शेपटाकडे दोन्हींच्या मध्ये एक पाचर असते. ती मी सपाट ठेवली होती; ती एका कडेला निमुळती हवी होती, म्हणजे पट्ट्यांना किंचित बाक येतो आणि पातं मधोमध पडतं. तिसरी जोडी जमली. पितळेची तार कापून खिळे केले आणि लहान हातोडीनं त्यांची टोकं हळूहळू पसरवली. एक ठोका जास्त झाला की पातं उघडत नाही, एक कमी झाला की लोंबतं. त्या दिवशी बायकोनं जेवायला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा तिनं ताट झाकून ठेवलं आणि शाळेत गेली.

मूठ झाली, पण दाढी होईना. धार नव्हती. इंटरनेटवरून दगड मागवला. त्यावर पातं ओढण्याचे किती प्रकार करून पाहिले त्याला गणती नाही. हातावरचा केस कापला गेला तर धार आली समजायचं. माझ्या हातावरचा एक केस पडायचा नाही, नुसता वाकायचा. पंधरा दिवस हेच. हातात काम आलं होतं, तरी आतली धावपळ कमी झाली नव्हती. झोपेतून उठलो की आधी दगड आठवायचा. बायको म्हणायची, पूर्वी पायानं फिरत होतात, आता डोक्यानं फिरताय.

"लांज्याला बघ कोण मिळतो का," दादा एकदा म्हणाले. "आपल्या गावात नको जाऊस."

"का?"

"नको म्हटलं ना."

लांज्याला कुणी मिळालं नाही. रत्नागिरीतही चार सलून पालथी घातली. सगळीकडे मोडून घालायचं ब्लेड, एका गिऱ्हाइकाला एक, मग फेकून द्यायचं. एका सलूनवाल्यानं मात्र माझा वस्तरा कौतुकानं उघडमीट करून पाहिला आणि म्हणाला, "दगडावर धार लावणारा आता एकच म्हातारा माहीत आहे मला. हायवेला, लांज्याच्या अलीकडे." आणि त्यानं माझ्याच गावाचं नाव घेतलं.

मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दादांना सांगून जा."

मी न सांगता गेलो.

हायवे चौपदरी होताना जुनी टपऱ्यांची रांग पाडली गेली. त्या धारवाल्या म्हाताऱ्याच्या मुलाचं आता काचेच्या दरवाजाचं सलून आहे, आत एसी. म्हातारा मागच्या दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होता. वय ऐंशीच्या आसपास, बारीक अंगाचा, डोळ्यांना जाड चष्मा. मी वस्तरा पुढे केला. त्यानं तो कपाळाजवळ नेऊन पाहिला, अंगठा धारेवरून आडवा फिरवला.

"पातं चांगलं आहे. मूठ कुणी केली?"

"मी."

"जड झाली. पण सरळ आहे."

त्यानं आतून एक लाकडी डबी मागवली. तिच्यात दगड होता, मधून झिजून किंचित खोलगट झालेला. पाणी शिंपडलं आणि पातं सपाट टेकवून ओढायला सुरुवात केली. मी पंधरा दिवस जे दाबून करत होतो ते तो वजन न टाकता करत होता. मी पायरीवर बसून बघत राहिलो. बऱ्याच वेळानं, हात न थांबवता त्यानं विचारलं, "कुठले तुम्ही?"

"इथलाच. नोकरीमुळे रत्नागिरीला."

"इथले म्हणजे कुठल्या वाडीतले?"

हा प्रश्न गावाकडे लोक सहज विचारतात. मी अठ्ठावन्न वर्षांचा, सरकारी नोकरी करून निवृत्त झालेला माणूस, तरी उत्तर देण्याआधी मी आजूबाजूला पाहिलं. मी वाडी सांगितली.

त्याचा हात थांबला. "रोलरवाल्यांचे कोण?"

"मुलगा."

"आहेत ते?"

"आहेत. माझ्याकडेच असतात."

त्यानं चष्मा काढून धोतराला पुसला, परत घातला आणि पुन्हा दगडावर पातं ओढायला लागला. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर पातं वीस-पंचवीस वेळा पालटून फिरवलं. स्वतःच्या मनगटावरचा एक पांढरा केस धारेला लावला. केस पडला. वस्तरा मिटून माझ्या हातात देताना तो म्हणाला, "त्यांना सांगा…"

मी वाट पाहिली.

"राहू दे. काही सांगू नका."

घरी आलो तेव्हा दादा गॅलरीत होते. मी वस्तरा दिला. त्यांनी तो उघडला, मूठ हातात तोलली, खैराच्या लाकडावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. मला वाटलं, झालं. मग त्यांनी धार नखावर टेकवली आणि माझ्याकडे बघितलं.

"ही तुझी धार न्हाय."

खोटं बोलायला मला दोन क्षण होते आणि ते मी घालवले. मी सांगितलं, कुठं गेलो होतो ते. दादांनी वस्तरा मिटला, कपाटावर ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सुनेशी बोलत होते, शेजाऱ्यांशी बोलत होते. दाढी केली नाही. गालांवर पांढरे खुंट वाढत गेले आणि ते रोज माझ्यासमोर तसेच चहा पीत बसायचे. मी पुन्हा पुलावर जायला लागलो, आता दिवसातून दोनदा. मला रागही येत होता. त्यांच्यासाठीच केलं होतं मी सगळं, आणि मला कारणसुद्धा सांगितलं नव्हतं. आणि मला हेही कळत होतं की नको म्हटलं होतं, तरी मी गेलो होतो.

आठव्या रात्री जेवताना बायकोनंच विषय काढला. तिनं त्यांच्या ताटात माशाची तुकडी वाढली आणि सरळ विचारलं, "दादा, त्या माणसानं तुमचं काय केलं होतं?"

ते काटे काढत राहिले. मग तिच्याकडे बघून सांगायला लागले, मी तिथं नसल्यासारखे.

"लग्नाच्या आदल्या दिवशी मी त्याच्या सलूनात गेलो व्हतो. हायवेवरचं पहिलं सलून. मोठा आरसा, फिरती खुर्ची. तो तेव्हा विशीतला, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मला वाटलं, त्याचा बाप झाडाखाली बसायचा ती गोष्ट वेगळी. हे दुकान हाय, बाजारात हाय. माझा पगार सुरू झालेला. वाडीत कुणी गेलं नव्हतं, म्हटलं आपण जाऊ. आत कोणीच न्हवतं. मला म्हणाला, 'आज जमणार नाही रे.' म्हटलं, उद्या सकाळी येतो, लगीन दुपारी हाय. म्हणाला, 'उद्या पण नाही.' मी विचारलं, मंग कधी? तर आरशाकडं बघत म्हणाला, 'तू बसलास तर बाकीचे बसणार नाहीत.'"

"मग?" बायकोनं विचारलं.

"मंग काय. परत आलो. बाबांनी ह्याच वस्तऱ्यानं माझी दाढी क्येलीन, आणि मी लग्नाला उभा राहिलो." त्यांनी भात कालवला. "पुढं सगळ्यांना घ्यायला लागला तो. वाडीतली पोरं जायला लागली. मी न्हाय गेलो. साठ वर्षं लांज्याला जाऊन केस कापले मी."

दादांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"धार मात्र चांगली लावलीन. मला उद्या ने त्याच्याकडं."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, वस्तरा सदऱ्याच्या खिशात. मी वाटेत दोनदा विचारलं की तिथं जाऊन काय बोलणार आहात. दोन्ही वेळा ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. हातखंब्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी वीस मिनिटं अडकली. मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होतो. मला वाटत होतं परत फिरावं, आणि लवकर पोचावं असंही वाटत होतं. त्यांना तिथं काही झालं तर? ते ओरडले तर? त्या म्हाताऱ्याला काही झालं तर?

दुपारची वेळ, सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. मुलगा मोबाइल बघत बसला होता. मी म्हाताऱ्याला बोलवायला सांगितलं. तो मागच्या दारातून भिंतीला धरत आला. दादांना त्यानं लगेच ओळखलं असावं, कारण त्यानं काही विचारलंच नाही.

"या," तो म्हणाला. "बसा तुम्ही." आणि पहिली खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

मला आतून हायसं वाटलं. हेच तर व्हायला हवं होतं. दादांनी खुर्चीकडे पाहिलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. पण बसले नाहीत.

"तुमी बसा," ते म्हणाले.

म्हाताऱ्याला कळलं नाही. दादांनी खिशातून वस्तरा काढला आणि उघडला.

"मीपण करायचो दाढ्या. आमच्या वाडीत. तुमाला म्हाईत असंल."

"माहीत आहे," म्हातारा म्हणाला.

"मंग बसा."

मुलगा उठून उभा राहिला. "ओ काका, हे काय… बाबा, नका बसू, त्यांचा हात बघा." त्याचं खरं होतं. वस्तरा धरलेला दादांचा हात थरथरत होता. खूप नाही, पण दिसत होता. मीही पुढे झालो, "दादा, असू दे," म्हणालो. दादांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते म्हाताऱ्याकडे बघत होते.

म्हाताऱ्यानं मुलाला हातानंच थांबवलं. चष्मा काढून समोरच्या फळीवर ठेवला. खुर्चीत बसला, मागे रेलला आणि गळा वर केला.

दादांनी त्याला पांढरं कापड गुंडाळलं. वाटीत साबण फेसला, ब्रशनं दोन्ही गालांना लावला, सावकाश, कानापासून हनवटीपर्यंत. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी गालाची कातडी ताणली आणि वस्तरा टेकवला. एसीचा आवाज तेवढा येत होता आणि पात्याची ती कोरडी खरखर. मुलगा खुर्चीजवळ सरकला. गाल झाले. गळ्यावर दादा थांबले, दीर्घ श्वास घेतला, खालून वर एक हात मारला, मग दुसरा. म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले होते आणि खुर्चीच्या दांड्यांवर त्याची बोटं रुतली होती.

जबड्याच्या वळणावर पातं लागलं. रक्ताचा एक थेंब फेसात उतरला. मुलगा म्हणाला, "बघा!"

दादांचा हात मागे आला. "माझा हात गेला," ते म्हणाले.

"नाही," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला. "तिथं हाड उंच आहे माझं. मलाही लागतं. तुरटी फळीवर आहे."

दादांनी तुरटी पाण्यात बुडवून तिथं धरली. रक्त थांबेपर्यंत धरून राहिले. मग राहिलेली दाढी पूर्ण केली, कापड झटकलं, पातं पुसून मिटलं. म्हाताऱ्यानं आरशात न बघता गालांवरून हात फिरवला. "बरी झाली," म्हणाला. मग, "चहा घ्या."

"चहा नको. मला साखर हाय."

"बिनसाखरेचा सांगतो."

"पुढल्या वेळी," दादा म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडलो.

गाडीत बसल्यावर मला गप्प राहवेना. मी विचारलं, "बरं वाटलं का?"

"बरं कसलं? दाढी केली त्याची." थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "बसतो का ते बघायचं व्हतं. बसला. आणि मला 'तुम्ही' म्हणालान."

"माफी मागायला हवी होती त्यानं." माझा आवाज वाजवीपेक्षा चढला होता. रात्रभर मी मनात तो प्रसंग रचत होतो, त्यात तो माणूस काहीतरी बोलत होता, दादा काहीतरी बोलत होते. इथं चहाच्या साखरेवर सगळं संपलं होतं.

दादा वैतागून माझ्याकडे वळले. "मागितली असती तर मला काय तरी बोलायला लागलं असतं. मंग काय बोलणार व्हतो मी?"

ती दुपार मी कितीतरी वेळा मनात परत चालवली आहे आणि दर वेळी मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. दादांना तसं वाटत नाही. ते त्या रात्री भाकरी खाऊन गाढ झोपले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःची दाढी करायला वस्तरा घेतला, आरशासमोर उभे राहिले आणि परत बाहेर आले. वस्तरा माझ्यापुढे धरला.

"काल त्याला लागलं ते हाडामुळं न्हाय लागलं. माझा हात आता भरवशाचा न्हाय. तू शिक."

मी गॅलरीत खुर्ची ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांच्या गालाला हात लावून कातडी ताणली. ती इतकी सैल, इतकी पातळ असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी कापलं. त्यांनी तुरटी मागितली, शिवी दिली नाही. महिन्याभरानं एकाच ठिकाणी कापायला लागलो.

आता सोमवारी आणि शुक्रवारी, बायको शाळेत गेली की, मी त्यांची दाढी करतो. पंचवीस मिनिटं लागतात. वीस मिनिटांनंतर माझं लक्ष खाली रस्त्यावर जातं, माशांच्या टोपलीवाल्या बाईच्या हाकेकडे जातं, बँकेत जायचं असतं त्याकडे जातं. पाय हलायला लागतात. दादांना ते डोळे मिटूनही कळतं.

"पळतोस कुठं?" ते म्हणतात. "हनवटी राहिली."